मृत्युपत्राला पडलेली जादा भोकं

हे मी लिहिणार नव्हतो. दोनदा टाइप केलं, दोनदा उडवलं. पण आमचा बॉबिन हल्ली हा किस्सा दुकानात येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगतो, आणि दर खेपेला त्यात माझा मूर्खपणा वीतभर वाढतो. परवा तर मला कोर्टातून हाकलून दिलं असंही त्याने घातलं! हाकललं नव्हतं. "बाहेर बसा" म्हणाले होते. फरक आहे! तेव्हा म्हटलं, बदनामी व्हायचीच आहे तर निदान मापात होऊ दे.

एक आधीच सांगून ठेवतो. प्रोबेट हा विषय मला कळतो. पूर्ण कळतो! मी वकील नाही. शिक्षणाचं म्हणाल तर ते अर्ध्यातच सुटलं. पण माझं झेरॉक्स आणि टायपिंगचं दुकान आहे, आणि लोक काउंटरवर कागद ठेवतात तो त्यांच्या बाजूने सुलटा, माझ्या बाजूने उलटा. इतकी वर्षं उलटं वाचून वाचून आता सुलटा मजकूर समोर आला की माझी मान वाकडी होते. खरेदीखतं, घटस्फोट, वारसांची भांडणं, सगळं या डोळ्यांखालून गेलंय.

तर प्रोबेट म्हणजे काय? सोपं आहे. माणूस मृत्युपत्र करून जातो. पण ते खरंच त्याचंच, सही त्याचीच, आणि मागून कोणी त्यात हात घातला नाही, हे ठरवणार कोण? कोर्ट! कोर्ट कागद बघतं, साक्षीदाराला विचारतं, कोणाची हरकत आहे का ते ऐकतं, आणि मग शिक्का मारतं. तो शिक्का म्हणजे प्रोबेट. आणि मयताच्या वतीने हे सगळं धावून करून घ्यायला मयतानेच नेमलेला जो माणूस, तो एक्झिक्युटर. संपलं! याला लोक वकील लावतात!

"याला लोक वकील लावतात!" हे वाक्य मी एकदा बॉबिनच्या मामांसमोर बोललो. तिथेच घात झाला. मामांनी मृत्युपत्र केलं आणि त्यात एक्झिक्युटर म्हणून मला घातलं.

मामा म्हणजे माझ्या शेजारच्या गाळ्यातले टेलर. बॉबिन त्यांचा भाचा, माझ्याच वयाचा. मशीनमधल्या दोऱ्याच्या रिळासारखा बुटका, गोल आणि दिवसभर गरगरत असतो, म्हणून बॉबिन. आई गेल्यापासून मामांकडेच वाढलेला. खाली दुकान, वर माळा. मशीन खाली, गादी वर. शिवण सोडून त्याला जगातलं काहीही येत नाही. एकदा त्याला अंडं उकडायला सांगितलं तर त्याने ते फडक्यात बांधून, वर टाका मारून पाण्यात सोडलं. फुटू नये म्हणून!

मामा गेले. दुकान आणि माळा त्यांनी बॉबिनला ठेवला. पण मृत्युपत्र कोर्टात टिकलं तर. मामांना ना बायको ना मूल, त्यामुळे नाही टिकलं तर कायद्याने सगळं जाणार त्यांच्या सख्ख्या भावाकडे, म्हणजे थोरल्या मामांकडे. थोरले मामाही मुळात टेलरच. पण पुढे त्यांनी रेडिमेडचं दुकान काढलं आणि भावाभावांत बोलणं बंद झालं. आमचे मामा त्या रेडिमेड शर्टांना "उशीचे अभ्रे" म्हणायचे. तोंडावर!

थोरले मामा दुखवट्याला आले ते खिशात टेप घेऊनच. बॉबिनच्या पाठीवरून हात फिरवला आणि दुसऱ्या हाताने भिंतीची लांबी घेतली.

"इथे माझं गोडाऊन झकास बसेल."

"आणि बॉबिन?" मी विचारलं.

"त्याला काय मी रस्त्यावर टाकतोय? खोक्यांना लेबलं लावेल की!"

बॉबिनचा चेहरा असा झाला, जणू त्यालाच खोक्यात घालून वरून लेबल चिकटवलं. मी त्याच्या खांद्यावर थाप मारली. "घाबरतोस काय? मी आहे ना! प्रोबेट मला कळतं!"

मामांच्या ट्रंकेतून मृत्युपत्र काढलं आणि आम्ही बघतच राहिलो. कागद शिवलेले होते! मामांचा टाचणीवर विश्वास नव्हता. टाचणी गंजते, म्हणायचे. डाव्या कडेने जाड पांढऱ्या दोऱ्याने हातशिलाई घातलेली, कोटाच्या अस्तराला घालतात तशी.

आता प्रती काढायच्या तर पानं सपाट बसायला हवीत. शिवलेला कागद काचेवर ठेवला की कडेला काळी सावली येते. आणि काळी सावली आलेला कागद माझ्या दुकानातून बाहेर जात नाही! हे माझं ब्रीद आहे.

"उसव," मी म्हणालो.

"उसवू?" बॉबिनने ब्लेड हातात घेतलं. "काही होणार नाही ना?"

"अरे दोरा आहे तो, नाळ नाही! उसव!"

त्याने उसवलं. मी प्रती काढल्या. अशा झकास निघाल्या की मूळ कागद शेजारी ठेवला तर तोच झेरॉक्स वाटावा! परत येऊन बघतो तर बॉबिनने मृत्युपत्रावर ओलं फडकं टाकून इस्त्री फिरवली होती.

"हे काय?"

"घड्या पडल्या होत्या. कोर्टात न्यायचं, जरा बरं दिसायला नको? हलकीच फिरवली." मग त्याने पानं नीट जुळवून मशीनखाली घातली आणि खटखटखट! एका दमात शिवून टाकली. "मामांचा टाका वाकडा गेला होता रे. आता बघ, रेघ मारल्यासारखा! दुहेरी शिलाई आहे. आता माणूस उसवेल, पण हे उसवणार नाही."

आणि मी, ज्याला प्रोबेट पूर्ण कळतं असा मी, काय म्हणालो? मी म्हणालो, "वा!"

कोर्टाच्या खिडकीवर एक बाई होत्या. मी रुबाबात कागद सरकवला. बाईंनी पहिलं पान उचलून उजेडाकडे धरलं. मी मनात म्हटलं, इस्त्री आवडली.

"ही भोकं कसली?"

"शिवणीची."

"ती दिसली मला. ही शेजारची. ही वाकडी रांग."

"ती होय? ती जुन्या शिवणीची!"

"म्हणजे हे उसवलं होतं?"

"हो तर! आणि आधीपेक्षा चांगलं शिवलं."

बाईंनी चष्मा काढला. चष्मा काढणारी माणसं चांगली बातमी देत नाहीत. "कोणी शिवलं?"

"यांनी." मी बॉबिनला पुढे केलं. त्याने लाजून मान झुकवली, बक्षीस घ्यायला आल्यासारखी.

"आणि हे कोण?"

"ज्यांना सगळं मिळणार आहे, ते!"

खिडकीच्या आत कोणाचं तरी टायपिंग चाललं होतं. ते थांबलं.

"अहो," बाई हळू आवाजात म्हणाल्या, लहान मुलाला समजावतात तशा, "मूळ मृत्युपत्राची टाचणीसुद्धा काढायची नसते! टाचणीचं एक भोक जादा दिसलं तरी इथे विचारतात, कुठलं पान काढलं, कुठलं घुसवलं. आणि तुम्ही याच्यावर मशीन चालवलं?"

"दुहेरी," बॉबिन म्हणाला.

मी त्याच्या पायावर पाय दिला. बाईंनी माझ्याकडे बघितलं. "एक्झिक्युटर तुम्ही? यातून तुम्हाला काय मिळतंय?"

"काहीच नाही."

"मग एवढं नुकसान कशासाठी केलंत?"

मी प्रती, काळी सावली, इस्त्री, सगळं सांगून टाकलं, आणि त्यांनी ते लिहून घेतलं. बाईंनी पुढचं सांगितलं. थोरल्या मामांनी हरकत आधीच नोंदवली होती. आता सुनावणी लागणार. पानं बदलली नाहीत हे दाखवता आलं नाही तर मृत्युपत्र बाद होऊ शकतं. "ज्याच्यासमोर सही झाली तो साक्षीदार आणा," त्या म्हणाल्या. "आणि कृपा करून तोवर आणखी काही शिवू नका."

बाहेर आलो. बॉबिन पायरीवर बसला. "म्हणजे आपणच मामांचं मृत्युपत्र मारलं?"

"मारलं नाही. जखमी आहे. साक्षीदार आणला की उठून बसेल!"

साक्षीदार कोण ते प्रतीवर बघितलं. दोन सह्या होत्या. त्यातले एक गृहस्थ मामांच्याही आधी वर गेले होते. दुसरी सही म्हणजे कोंबडीने शाईत पाय बुडवून धूम ठोकावी तशी. आणि सहीखाली जिथे नाव-पत्ता लिहायचा, तिथे मामांच्या अक्षरात लिहिलं होतं : 'उजवा खांदा उतरता. छाती भरीव. डावा पाय किंचित आखूड.'

"हे काय आहे?" मी ओरडलो.

"मामा लोकांना नावाने ओळखायचेच नाहीत," बॉबिन म्हणाला. "मापाने ओळखायचे. तुला ते काय म्हणायचे माहितीय? 'ते आपले निमुळते खांदे आले बघ.'"

हे मला माहीत नव्हतं. आणि कळलं नसतं तर बरं झालं असतं.

पण मी हार मानणारा नाही! मी स्वतः बसून नोटीस टाइप केली आणि टेलरच्या शटरवर डकवली : 'दिवंगत टेलरमास्तरांच्या मृत्युपत्रासंबंधी. ज्या पुरुषांचा उजवा खांदा उतरता आहे त्यांनी दुकानात येऊन माप द्यावे. तसेच मास्तरांच्या मालमत्तेवर कोणाचा काही दावा असल्यास तोही कळवावा.' शेवटचं वाक्य मी नोटिशीला वजन यावं म्हणून घातलं. सगळ्या नोटिसांत असतं ते.

सकाळी शटर उघडायला गेलो तर रांग! मला वाटलं साक्षीदाराचं अख्खं खानदान आलं. मग कळलं, रात्रीतून बातमी फिरली होती. मास्तरांनी म्हणे मरताना उतरत्या खांद्याच्या लोकांना एकेक सूट ठेवलाय! माणसं लांबून ताठ चालत यायची आणि कोपरा वळला की भिजलेल्या पुठ्ठ्यासारखी उजवीकडे कलायची. एक तर इतका कलला होता की मागच्याने त्याला धरून ठेवलं होतं.

बॉबिन टेप घेऊन दारात उभा. "हा मुद्दाम पाडलाय. पुढचा! तुमचा डावा उतरलाय काका, चुकीचा पाडलात. पुढचा!"

आणि दावे! बाप रे!

"माझ्या कोटाच्या कापडातून मास्तरांनी एक टोपी काढली असणार," एक आजी म्हणाल्या. "माझा त्या टोपीवर दावा आहे."

"आजी, टोपी कुठाय?"

"ते तुम्ही शोधा! नोटीस तुमची आहे!"

एक गृहस्थ लग्नाचा अल्बमच घेऊन आले. "ही पँट बघा. आखूड! फोटोत मोजे दिसतायत. सगळ्या फोटोंत मोजे दिसतायत!"

"मग आता मी काय करू?"

"कोर्टाला सांगा. बायको रोज सांगते, आता कोर्टालाही कळू दे."

समोरच्या फुटपाथवर थोरले मामा हाताची घडी घालून मजा बघत होते. "ए झेरॉक्स!" ते ओरडले. "सर्कस चांगली चाललीय! तंबू माझ्या गोडाऊनमध्ये लाव!"

दुपार झाली. बॉबिनचा आवाज बसला होता, टेपचे आकडे पुसट झाल्यासारखे वाटत होते आणि साक्षीदाराचा पत्ता नव्हता. तेवढ्यात गर्दीतून वाट काढत पोस्टमनकाका आले. ते मापाला नव्हते आले. कोर्टाच्या सुनावणीचं पाकीट घेऊन आले होते.

"सही करा," म्हणत ते काउंटरवर वाकले. बॉबिन पेन घ्यायला पुढे झाला आणि एकदम खांबासारखा उभा राहिला.

"काका. हलू नका!"

"का? पाल आहे?"

"हलू नका म्हणतो ना!" बॉबिनने त्यांच्या खांद्याला टेप लावला. "उजवा खांदा उतरता. छाती भरीव. काका, जरा चालून दाखवा. डावा पाय... आखूड! किंचित!"

पत्रांची थैली उजव्या खांद्यावर वाहून वाहून त्यांचा खांदा कायमचा उतरला होता. रोज आमच्या दारात येणारा माणूस! आणि आम्ही गावभर खांदे चाचपत होतो!

"काका, तुम्ही मामांच्या मृत्युपत्रावर सही केली होती?"

"मृत्युपत्र होतं का ते? मला काय ठाऊक! मी पँटचं माप द्यायला आलो होतो. आणखी एक गिऱ्हाईक होतं. मास्तर म्हणाले, दोघं बघा, मी सही करतोय, मग तुम्ही खाली करा. केली! आयुष्यभर मी दुसऱ्यांच्या सह्या घेत फिरतोय. माझी सही कोणीतरी पहिल्यांदा मागितली. बरं वाटलं मला."

मी काकांना मिठी मारली. त्यांनी पाकीट पुढे केलं. "मिठी नंतर. आधी सही."

सुनावणीच्या आदल्या संध्याकाळी बॉबिनने मशीनवर कव्हर घातलं. एरवी तो ते कधीच घालत नाही.

"वकील," तो मला चिडवायला वकील म्हणतो, पण त्या दिवशी चिडवत नव्हता. "गेलं तर मशीन तरी मला मिळेल का रे?"

मला म्हणायचं होतं, प्रोबेट मला कळतं. तोंडापर्यंत आलं होतं. गिळलं.

सुनावणीची खोली एवढीशी. साहेबांचं टेबल, त्यावर आमचं मृत्युपत्र आणि समोर आम्ही. थोरले मामा स्वतःच्या दुकानातला करकरीत शर्ट घालून आले होते. कॉलरची घडीसुद्धा मोडली नव्हती.

"साहेब, सरळ गोष्ट आहे," ते म्हणाले. "भाऊ गेला आणि या दोघांनी पानं बदलली. शिलाई बघा! ही माझ्या भावाची शिलाईच नाही!"

"एक्झिक्युटरचं काय म्हणणं?"

मी उठलो. घसा साफ केला. "साहेब, प्रोबेटचं मूळ तत्त्व समजून घ्यायचं तर आपल्याला आधी..."

"तुम्हीच ते इस्त्रीवाले ना? बाहेर बसा."

बसलो. दार उघडंच होतं. सगळं दिसत होतं, फक्त बोलता येत नव्हतं. आणि खरं सांगतो, तिथून पुढेच आमचं जरा बरं चाललं.

पोस्टमनकाकांनी सांगितलं, सही माझी, मास्तरांनीही माझ्यासमोरच केली.

"पानं किती होती?" साहेबांनी विचारलं.

"साहेब, मास्तरांनी माझ्या पँटला चहूकडून टाचण्या लावल्या होत्या. मी श्वास धरून उभा होतो. अशा वेळी पानं कोण मोजतो?"

थोरले मामा हसले. साहेबांनी बॉबिनकडे मान वळवली. "उसवलं ते प्रतींसाठी, समजलो. पण परत मशीनवर का शिवलं?"

मी बाहेरून खुणा केल्या. काहीतरी बरं बोल! कायद्याचं बोल! बॉबिनने माझ्याकडे बघितलंच नाही.

"साहेब, मामांचा टाका वाकडा होता. बरं दिसत नव्हतं."

"वाकडा?"

हे साहेब नव्हते बोलले. थोरले मामा बोलले. उठून उभेच राहिले!

"कोणाचा टाका वाकडा? माझ्या भावाचा?"

"होताच वाकडा," बॉबिन म्हणाला.

"ए गोळ्या! काल मशीनवर बसलास आणि त्याच्या टाक्याला नावं ठेवतोस? डावखुरा होता तो! डावखुऱ्याचा टाका तिरकाच पडतो! आमच्या बापाने छड्या मारल्या, हात बांधून ठेवला, तरी डाव्या हातानेच शिवायचा. वाकडा म्हणे!"

"शांत बसा," साहेब म्हणाले.

"कसा बसू? साहेब, तुम्हीच बघा. द्या इकडे. हात लावत नाही, तुम्ही धरा उजेडाला. पहिलं पान. दोन टाके जवळ, तिसरा लांब. परत दोन जवळ, एक लांब. दिसलं? जन्मात दुसऱ्या कोणाचा असा टाका मी पाहिला नाही. आता पुढचं पान. तेच! त्याच्या पुढचं. तेच, भोकावर भोक! हे शेवटचं, सह्यांचं. तेच! आणि हा पोरगा याला वाकडा म्हणतो!"

साहेबांनी पानं एकेक करून उजेडाला धरली. "म्हणजे ही जुनी भोकं तुमच्या भावाच्याच हातची?"

"शंकाच नको!"

"सगळ्या पानांवर?"

"एकूण एक पानावर!"

"आणि मागून एखादं पान बदललं असतं, तर त्यावर हीच भोकं आली असती?"

"कशी येतील?" थोरले मामा गरजले. "तो गेल्यावर हा टाका मारणार कोण?"

आणि थांबले.

 आपण काय बोलून बसलो ते त्यांच्या लक्षात आलं होतं. मला वाटलं, आता फिरवतील शब्द. पण ते उजेडातल्या त्या भोकांकडेच बघत होते.

"तो गेल्यावर हा टाका मारणार कोण," ते परत म्हणाले. या वेळी अगदी हळू. मग खुर्चीत बसले. "लिहून घ्या साहेब. पानं त्याचीच आहेत. माझी हरकत नाही."

शिक्का रीतसर मिळाला! दुकान बॉबिनचं, माळा बॉबिनचा. कोर्टाच्या व्हरांड्यात थोरले मामा त्याच्याजवळ आले. आता एक शिवी तरी बसणार म्हणून मी मागे सरकलो.

"दुहेरी शिलाई बरी आहे तुझी," ते म्हणाले. "पण दोरा फार ओढतोस. कागद चुरगळलाय कडेला."

"तुमची कॉलर उशीच्या अभ्र्यासारखी दिसतेय," बॉबिन म्हणाला.

मी डोळे मिटले. उघडले तेव्हा थोरले मामा कॉलर चाचपत होते. "दिसते ना? येतो उद्या दुकानावर. बसवून दे."

ते गेले. मला राहवेना. "बघितलंस? काय म्हटलं होतं मी? शेवटी झालं की नाही प्रोबेट?"

बॉबिन चालता चालता थांबला. "वकील, मीही आता मृत्युपत्र करून ठेवणार."

"शाब्बास! अगदी योग्य विचार! मी तुला..."

"त्याआधी तू मला एक वचन दे."

"माग!"

"मी आधी गेलो तर तू फक्त रडायचं."

"बरं. आणि?"

"आणि काही नाही. यायचं, रडायचं, घरी जायचं. कोणाला काही समजावायचं नाही."

"अरे पण थोडं मार्गदर्शन..."

"वचन!"

मी आजूबाजूला बघितलं. खिडकीवरच्या बाई जेवणाचा डबा हातात धरून आमच्याकडेच बघत होत्या आणि मान हलवून मला "दे, दे" म्हणत होत्या.

"दिलं," मी म्हणालो. "तू गेलास की नुसता रडेन. आणि कोणी विचारलंच, तर सांगेन, मला यातलं काही कळत नाही."